मंत्रिमहोदय, पोस्टरवरचा ग्लास बघितलात का?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

प्रत्येक डायलिसिस केंद्रात एक फार्मासिस्ट बसेल, रुग्णांना गोळ्या समजावून सांगेल, असं आपण गेल्या वर्षी जाहीर केलंत. ऐकून बरं वाटलं होतं. काल आमच्याकडे फार्मासिस्टऐवजी पोस्टर आलं. नेमकं माझ्या खुर्चीसमोर चिकटवलंय: हसरा माणूस, तळहातावर गोळ्या, दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास. खाली, ‘औषधे नियमित घ्या’.

साहेब, हातात दोन सुया घेऊन चार तास मी त्या ग्लासाकडे बघत होतो. किडन्या पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून मला दिवसभरात सगळं पातळ धरून साडेसातशे मिलीचीच मुभा. गोळ्या सतरा. त्यातल्या नऊ एकट्या फॉस्फरसच्या; चांगल्या जाडजूड, चावायच्या नाहीत, कुटायच्या नाहीत. एक घशात अडकली की आणखी घोटभर पाणी जातं, आणि तो घोट पुढच्या पाळीला वजनकाट्यावर दिसतो. मग सिस्टर ओरडतात. गोळी टाळली तर रिपोर्ट ओरडतो.

ही गोळी जेवताना घ्यायची असते, हे मला पहिले आठ महिने ठाऊकच नव्हतं. मी इमानेइतबारे जेवणानंतर दोन तासांनी घ्यायचो. अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवायचा, हे तिचं काम. अन्न पुढे सरकल्यावर ती धरणार कुणाला? हे सांगितलं कुणी, तर शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी. तोवर रक्तात फॉस्फरस वाढून अंगाला खाज सुटली, खाजवून खाजवून पाठीची सालटं निघाली होती. बीपीची गोळी डायलिसिसच्या सकाळी घ्यायची की नाही, याची तर तिघांनी तीन उत्तरं दिली. एकदा घेऊन गेलो, मशीनवर बीपी पडलं, पोटऱ्यांत असे गोळे आले की विचारू नका.

आणि काल फाइलवर शेरा: ‘रुग्ण औषधे घेत नाही’. मागच्या महिन्यात बारा दिवस केंद्रात गोळ्याच नव्हत्या, तेही माझ्याच खात्यावर!

अमेरिकेत कुणीतरी मोजलं होतं म्हणे, आमच्यासारख्यांना दिवसाला साधारण १९ गोळ्या, चारातल्या एकाला २५ च्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालीच लिहून ठेवलंय की जुनाट आजारात श्रीमंत देशांतसुद्धा निम्मेच लोक औषधं नीट घेतात. म्हणजे ते सगळेच बेजबाबदार का?

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मी तुमच्या यंत्रणेला बांधलेला असतो. पळून जाऊ शकत नाही. याहून सोयीचा रुग्ण कुठे मिळणार? रक्तवाढीचं इंजेक्शन मशीनवरच देतात, ते कधी चुकत नाही. आणखी काय काय तिथेच देता येईल, ते बघा. नको त्या गोळ्या कमी करा. मोठ्या अक्षरात एक कागद द्या. महिन्याचा साठा एकदम द्या. आणि ‘का घेतली नाही?’ हे न ओरडता विचारणारं एक माणूस द्या.

पण नाही. आठवड्याच्या १६८ तासांपैकी १२ मशीनचे, तेवढेच तुम्ही मोजता. मशीनपुढे फीत बांधता येते, फोटो निघतो. फार्मासिस्टला फीत कशी बांधणार? उरलेले १५६ तास आमचे आम्ही, चुकलो तर शेरा तयार. सगळ्याच खात्यांची ही रीत: सोय करायची नाही, शिस्त शिकवायची.

परवा सकाळी माझी पुढची पाळी आहे. फार्मासिस्ट तोवर येणार नाही, हे मला कळतं. निदान त्या चित्रातलं पाणी तरी दोन घोटांवर आणा.

आपला,
खुर्ची क्रमांक ४