खुंट्या अजून काढल्या नाहीत

प्रिय श्री,

आठ महिन्यांत तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. तुझी दोन पत्रं टेबलावर तशीच आहेत, समोर दिसली की अपराधी वाटतं. पण आज लिहायला बसलोय ते त्यासाठी नाही. काल रात्री मागच्या अंगणात जे पाहिलं, ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

प्रकृती सगळ्यांची ठीक. आईचे गुडघे मात्र आता जिना चढू देत नाहीत, आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

तिला तळमजल्यावर खोली हवी. म्हणून घराच्या मागे १२ बाय १४ फुटांची खोली आणि तिला लागून न्हाणीघर असा नकाशा काढून घेतला. मागची पाणथळ तू पाहिलीच आहेस. तिच्या काठापासून ३० मीटरांचा संरक्षक पट्टा आमच्या अंगणातून तिरका जातो, आणि खोलीचा निम्म्याहून जास्त भाग त्यात येतो. आर्किटेक्ट म्हणाला, सवलतीचा अर्ज करू, एवढ्याशा खोलीला कोण अडवणार? मी मान डोलावली. तेव्हापासून झोप नीट नाही.

आठवतं ना, तू म्हणाला होतास, नकाशावरची रेघ पाण्याला वाचता येत नाही, मग कशाला आखायची? मी ओरडलो होतो की रेघ माणसाने वाचायची असते. पंधरा दिवस बोललो नव्हतो आपण. शेवटी अण्णांनी दोघांना एकाच बाकावर बसवलं. आता ती रेघ माझ्याच दारात आली आहे, श्री.

गेल्या आठवड्यात कंत्राटदाराने पायाच्या कोपऱ्यावर एक खड्डा घेतला. वर वीतभर काळी माती, खाली एकदम राखाडी, बोटाला चिकटणारी. त्या राखाडीत जुन्या मुळांच्या वाटांनी गंजासारख्या तांबूस रेघा उतरल्या होत्या. तूच शिकवलं होतंस हे मला: पाणी साचून मातीतली हवा गेली की लोहाचा तांबडा रंग जातो आणि माती राखाडी पडते, मुळाच्या पोकळीतून जरा हवा शिरली की तिथे पुन्हा गंज धरतो. (तुझा डावा बूट अजून त्या चिखलात असेल. तोही आता राखाडी झाला असेल.) अर्ध्या तासात खड्ड्यात पाणी उभं राहिलं. कंत्राटदार म्हणाला, त्यात काय, भराव टाकू आणि जोता तीन फूट उचलू. मी विचारलं, मग हे पाणी कुठे जाईल? त्याने शेजारच्या कुंपणाकडे हात केला. शेजारच्या काकूंच्या पायरीला गेल्या पावसातच पाणी लागलं होतं.

काल दिवसभर पाऊस होता. रात्री सुतळी बांधलेल्या खुंट्या उपटल्या तर नाहीत ना, हे बघायला टॉर्च घेऊन गेलो. गवत हलत होतं. वाकून पाहिलं तर बेडकांची पिल्लं, अंगठ्याच्या नखाएवढी. काहींची शेपटी पुरती आटलीही नव्हती. पाण्यातून निघून वरच्या झाडांकडे चालली होती, सुतळीच्या खालून, जिथे पाया येणार बरोबर तिथून. चाळीसपर्यंत मोजली, मग मोजवेना. टॉर्च बंद करून तसाच उभा राहिलो. पाऊल कुठे टाकावं कळेना.

सेमलिच आणि बोडी यांचा २००३ चा तो निबंध आपण दोघांनी एकाच प्रतीवर वाचला होता. बेडकांसारख्या उभयचरांना पाण्याच्या काठापासून वर सरासरी १५९ ते २९० मीटर जमीन जगायला लागते, हा त्यातला आकडा मी विसरलेलो नाही. आमचा ३० मीटरांचा पट्टा अख्खा राखला तरी त्यांना अपुराच, आणि त्यातूनही मी तुकडा तोडायला निघालोय.

दादाला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "आईपेक्षा बेडूक मोठे का?" उत्तर सुचलं नाही. हा प्रश्न असा विचारायचाच नसतो, हे मला फोन ठेवल्यावर सुचलं, आणि तेव्हापासून मनातल्या मनात त्याच्याशी भांडतोय. खोली लहान आहे, मान्य. पण तेवढ्याच छपरावर एक इंच पाऊस पडला तर जवळजवळ ४०० लिटर पाणी होतं. आज ते गवतातून झिरपत जातं. उद्या पन्हाळीतून एका धारेने पडेल आणि गाळ घेऊन थेट पाणथळीत उतरेल. न्हाणीघराचं सांडपाणी वेगळंच. त्या हवा नसलेल्या मातीतले जिवाणू पाण्यातल्या नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात, म्हणजे पाणी साफ करतात. त्याच मातीवर भराव टाकून मी फरशी घालणार. आणि माझ्या खोलीला सवलत मिळाली की पलीकडचे तिघे अर्ज घेऊन तयारच आहेत. त्यांना कुठल्या तोंडाने नको म्हणू?

हिने एक सुचवलंय. आमची खालची खोली आईला द्यायची आणि आपण वर मजला चढवायचा. जमिनीवर एक फूटही वाढ नाही. पण जुना पाया वरचा भार घेईल का, हे तपासून घ्यायला हवं, आणि मुलांना वर्षभर दाटीवाटीने राहावं लागेल. आई म्हणते, माझ्यासाठी अख्खं घर हलवू नका. तिला बेडकांचं अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती खोलीच नको म्हणेल आणि जिन्याखाली खाट टाकून पडून राहील. ते मला चालणार नाही.

खांबांवर खोली उचलायचाही विचार केला. भराव टळेल, पिल्लांची वाट मोकळी राहील. पण खाली ऊन पोचणार नाही, गवत मरेल. तुझं काय मत? तू माझ्यापेक्षा जास्त पाणथळी तुडवल्या आहेस.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीचा निकाल लागला असेल, कळव. वहिनींची पाठ आता बरी असावी. मधूची भेट झाली तर माझं नाव काढ.

मंगळवारी आर्किटेक्ट अर्जावर सही घ्यायला येतोय. खुंट्या अजून काढल्या नाहीत, फक्त सुतळी सोडून ठेवली आहे. सोमवारपर्यंत फोन कर, रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल. आणि वर मजला चढवायचा तर जुना पाया कुणाकडून तपासून घ्यावा, तेही सांग.

तुझा,
विनू