पीपीटी वाचून दाखवायला मास्तर कशाला हवा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात अधूनमधून 'अमुक गावची शाळा झाली डिजिटल' अशी बातमी येते. फोटोत सरपंच, केंद्रप्रमुख, नारळ, फीत आणि मागे भिंतीवर नवाकोरा टीव्ही. वाचून बरंच वाटतं, कारण गावानं वर्गणी काढून शाळेला टीव्ही घेऊन देणं ही काही साधी गोष्ट नाही, आमच्याकडे तर भाताचे पैसे हातात आल्याशिवाय कोणाकडे दोनशे रुपये मागायची पण सोय नसते. पण बातमी तिथंच संपते. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला त्या टीव्हीवर काय दाखवलं, कोणी बनवलं, पोरांना कळलं का, हे कोणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, कापायचं तर कापा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान आणि भूगोल शिकवतो, अकोले तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. टीव्ही, प्रोजेक्टर, लॅपटॉप ह्यांच्या विरोधात मी अजिबात नाही. उलट मला विचाराल तर खेड्यातल्या वर्गाला पडद्याची गरज शहरापेक्षा जास्त आहे, कारण आमच्या पोरांनी समुद्र बघितलेला नसतो, म्युझियम बघितलेलं नसतं, मायक्रोस्कोप असला तर कपाटात कुलूप लावून असतो. भांडण आहे ते पडद्यावर जे येतं त्याच्याशी.

बहुतेक ठिकाणी काय येतं? पुस्तकातला परिच्छेद. तोच, टाईप करून, किंवा थेट पानाचा फोटो काढून, निळ्या बॅकग्राउंडवर पिवळी अक्षरं, प्रत्येक ओळ डावीकडून गोल गोल फिरत येते आणि सोबत टाळ्यांचा आवाज. मग शिक्षक पाठमोरा उभा राहून ते वाचतो आणि मुलं वहीत उतरवून घेतात. म्हणजे पूर्वी फळ्यावरून उतरवायची ते आता टीव्हीवरून. आणि शिक्षकांना तरी नावं का ठेवायची, आम्हाला जी ट्रेनिंगं होतात त्यात तज्ज्ञ मार्गदर्शक नेमकं हेच करतात, जेवणानंतरच्या सेशनला साठ-सत्तर स्लाइड, प्रत्येकीवर मुंगीएवढी अक्षरं, आणि 'हे तुम्हाला दिसत नसेल तर मी वाचून दाखवतो'. जे बघितलं तेच आम्ही वर्गात नेतो, दुसरं काही बघायलाच मिळालेलं नसतं.

ह्या पॉवरपॉइंटचा, म्हणजे ज्यात ह्या स्लाइड (पीपीटी) बनवतात त्या प्रोग्रामचा, जन्म पण शाळेसाठी झालेला नाही हे लक्षात घ्यायला पाहिजे. 1987 साली अमेरिकेत फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीनं ते आधी मॅकिंटॉश कॉम्प्युटरवर काढलं, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती कंपनीच विकत घेतली. कामं कोणाची, तर ऑफिसात साहेबापुढे आणि गिऱ्हाइकापुढे आपलं म्हणणं मांडणाऱ्यांची. तिथं मुद्दे, उपमुद्दे, हेडिंग हे ठीक आहे. सातवीतल्या पोराला मुद्दे नको असतात, त्याला आधी वस्तू बघायची असते.

ह्यावर अभ्यासही भरपूर झालाय. कॅलिफोर्नियातले रिचर्ड मेयर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आयुष्यभर ह्याच गोष्टीवर प्रयोग केले की चित्र, बोलणं आणि लिखाण एकत्र आलं तर माणूस कसं शिकतो. त्यांचं एक म्हणणं सरळ आहे: चित्र दाखवून तोंडानं समजावलं की चांगलं समजतं, पण तेच बोललेलं शब्दन् शब्द खाली लिहून पण ठेवलं तर बहुतेक वेळा उलट बिघडतं, कारण डोळे चित्र सोडून अक्षरांच्या मागे पळतात. दुसरं म्हणजे विषयाशी संबंध नसलेली सजावट, नाचणारी कार्टून, म्युझिक, ह्यानं शिकणं कमीच होतं. आमच्या वर्गात हे कोणीही बघू शकतं. स्लाइडच्या कोपऱ्यात फुलपाखरू उडत असलं की अख्खा वर्ग फुलपाखराकडे, पचनसंस्था गेली खड्ड्यात.

आता जमतं कुठं ते सांगतो. नदीचं काम हा धडा घ्या. रेडीमेड ॲनिमेशन आहे आमच्याकडे, त्यात बर्फाच्या डोंगरातून निळीशार नदी निघते, पाइनची झाडं, आणि हिंदीत बोलणारी एक बाई. छान आहे, पण आमच्या पोरांच्या दाराशी प्रवरा आहे. रतनगडाच्या अंगाला उगम, मग भंडारदऱ्याचं धरण (1926 साली पूर्ण झालेलं, इंग्रजांच्या काळचं), पुढे रंधा धबधबा, निळवंडे, अकोले, संगमनेरला म्हाळुंगी येऊन मिळते, ओझरच्या बंधाऱ्यावरून कालवे निघतात आणि नेवाशाकडे प्रवरासंगमला गोदावरीत जाते. अख्खा धडा एकाच नदीत आहे! तर मी मोबाईलवर नदीचे फोटो काढून ठेवले, काही पालकांनी पाठवले, आणि स्लाइड केल्या मोजून पाच. एका स्लाइडवर एकच फोटो, अक्षर एकही नाही. फोटो मुद्दाम उलटसुलट क्रमानं लावले आणि विचारलं, ह्यातलं वरच्या अंगाचं कोणतं, खालच्या अंगाचं कोणतं?

पोरं भांडायला लागली. एक मुलगी, जी एरवी वर्गात तोंड उघडत नाही, ती म्हणाली सर हे वरचं, इथले दगड टोकदार आहेत, त्या फोटोतले गोटे गुळगुळीत आहेत. बरं, मग? मागून एक जण म्हणाला, 'मग टोकं गेली कुठं?' ह्या प्रश्नासाठी मी धडा थांबवला. टोकं गेली कुठं. शेवटचा फोटो वाळूचा होता, तो लावला आणि गप्प उभा राहिलो. खनन, वहन, संचयन हे शब्द फळ्यावर नंतर लिहिले, खडूनं, आणि तेव्हा ते त्यांना पाठ करावे लागले नाहीत. नंतर गूगल अर्थवर रतनवाडीपासून नदीच्या कडेकडेनं खाली संगमापर्यंत गेलो, रेंज नव्हती म्हणून घरीच स्क्रीन रेकॉर्ड करून आणलं होतं. स्वतःचं गाव वरून बघितल्यावर जो गोंधळ झाला तो शेजारच्या वर्गाला ऐकू गेला.

इथं एक छोटी गोष्ट सांगतो, कारण फार कमी जणांना माहीत असते. स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवर बी दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की चित्र परत. डब्ल्यू दाबलं तर पांढरा होतो. लिब्रेऑफिस फुकट मिळतं, त्यातही हेच चालतं. मला हे बटण सगळ्या ॲनिमेशनपेक्षा जास्त कामाचं वाटतं. चित्र दाखवायचं, प्रश्न टाकायचा, पडदा काळा करायचा, की पोरं तुमच्याकडे आणि एकमेकांकडे बघतात. टीव्ही चालू असला की ती टीव्हीकडे बघतात, त्यांचा काय दोष, आपण तरी दुसरं काय करतो घरी.

विज्ञानात तर पडद्याला तोड नाही, फक्त जागा ठरलेली पाहिजे. विद्युत परिपथ शिकवताना आधी खरा सेल, खरा बल्ब, खरी वायर पोरांच्या हातात द्यायची, बल्ब पेटेपर्यंत झटू द्यायचं. त्यानंतर वायरच्या आत काय चाललंय ते दाखवायला पडदा, कारण ते डोळ्यांना दिसतच नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट म्हणून कॉम्प्युटरवर करायच्या प्रयोगांचा संग्रह आहे, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेला, सगळं मोफत, काही प्रयोग मराठीतही आहेत आणि डाउनलोड करून नेटशिवाय चालतात. त्यात इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, स्विच उघडला की जागच्या जागी थांबतात. पण हेच उलटं केलं, म्हणजे खरा सेल कपाटात आणि नुसता पडद्यावरचा बल्ब पेटवला, तर पोरांना तो मोबाईलमधला गेम वाटतो. बी रुजताना दाखवायचा व्हिडिओ लावणारे पण बघितलेत, बाहेर पावसाळा चालू, शाळेच्या मागे अख्खं शेत!

आता जरा रडगाणं. टीव्ही आहे पण कॉम्प्युटर नाही अशा शाळा कितीतरी, आणि बऱ्याच टीव्हीवर पेनड्राइव्हमधली पीपीटी उघडतच नाही. त्याला उपाय आहे, स्लाइड सेव्ह करताना जेपीईजी फोटो म्हणून सेव्ह करायच्या, टीव्ही फोटो दाखवतो, रिमोटनं पुढे न्यायचं. हे एका ओळीचं ज्ञान, पण कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळालं नाही, एका फोटो स्टुडिओवाल्या पोरानं सांगितलं. दुसरं दुखणं फॉन्टचं. जुन्या शिवाजी नाहीतर कृतिदेवमध्ये केलेली फाईल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की अक्षरांच्या जागी नुसता इंग्रजी पाला. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर नीट उघडणारी अक्षरं, येऊन इतकी वर्षं झाली तरी चांगल्या चांगल्या शिक्षकांची मेहनत अशी एका मशीनमध्ये अडकून पडलीय. आणि अक्षर मोठं ठेवा हो, देवनागरीला वर वेलांटी खाली उकार असतो, मागच्या बाकावरून 'कि' आणि 'की' सारखंच दिसतं.

पैशाचं बोलायचं तर समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेच्या निकषात 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान आहे. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर. राहिलेल्यात खडू, रजिस्टर, दुरुस्ती आणि लाईटबिल. आमच्या शेजारच्या पाड्यावरची शाळा ह्याच गटातली. त्यांच्या प्रोजेक्टरचा दिवा गेला, नवा दिवा घ्यायचा तर वर्षाचं बजेटच कोलमडतं, म्हणून तो प्रोजेक्टर आता प्लास्टिकच्या पिशवीत घालून धान्याच्या कोठीशेजारी ठेवलाय. कागदावर मात्र शाळा डिजिटल आहे, कारण रकान्यात 'आहे की नाही' एवढंच विचारतात. चालू आहे का असा रकानाच नाही.

आणि रेडीमेड पॅकेजचं मला सगळ्यात जास्त खटकतं. पहिली ते सातवी संपूर्ण अभ्यासक्रम एका पेनड्राइव्हमध्ये, लॉक केलेला, काही बदलता येत नाही. पुस्तक बदललं की पेनड्राइव्ह भंगारात. त्यात भाताच्या जागी गहू दाखवलाय, मला तिथं भाताची आवणी (लावणी) टाकायची असेल तर टाकता येत नाही. उलट परितेवाडीच्या डिसले गुरुजींचं काम बघा, 2020 मध्ये जगातलं ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं, लोकांना त्यांनी पुस्तकात दिलेला, मोबाईलनं स्कॅन करायचा क्यूआर कोड लक्षात राहिला. पण कोडच्या मागे काय होतं? कविता, व्हिडिओ, प्रश्न, सगळं आपल्या वर्गातल्या पोरांना डोळ्यासमोर ठेवून केलेलं. कोड कोणीही चिकटवतो. आज पुस्तकात कोड आहेत, सरकारचं अभ्यासाचं दीक्षा ॲप 2017 पासून आहे, तरी आपल्या वर्गाला लागेल तसं करून घेणारा शिक्षक किती ठिकाणी आहे?

व्हॉट्सॲपवर स्वीडनचा मेसेज फिरतोय, तिथं पुन्हा छापील पुस्तकांवर भर द्यायला लागले म्हणून आता टीव्ही-बिव्ही बंद करा. युनेस्कोनं पण 2023 च्या अहवालात शाळेतल्या टेक्नॉलॉजीच्या अतिवापराबद्दल सावध केलंय, ते खरं आहे. पण स्वीडनमध्ये पोरापोरापुढे स्क्रीन होता, आमच्याकडे सात वर्गांत मिळून एक टीव्ही. त्यांचं पथ्य आपण पाळायचं म्हणजे जेवायच्या आधीच डाएट.

माझी मागणी फार नाही. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत भाषणं कमी करून प्रत्येकानं आपल्या एका धड्याच्या चार-पाच स्लाइड तिथंच बसून कराव्यात आणि वर्गात वापरून पुढच्या महिन्यात काय झालं ते सांगावं. फाईल युनिकोडमध्ये, उघडी, म्हणजे दुसऱ्याला बदलता येईल अशी. पीडीएफ नको, लॉक नको, पहिल्या पानावर स्वतःचा फोटो तर अजिबात नको. अधिकाऱ्यांनी शाळेत आल्यावर टीव्ही चालू करून सेल्फी काढण्यापेक्षा शेवटच्या बाकावर बसून एक तास बघावा. आणि अनुदानात दुरुस्तीचा वेगळा आकडा ठेवा, हजार-दोन हजार का असेना.

प्रवरेच्या स्लाइड मी आमच्या केंद्राच्या ग्रुपवर टाकल्यात, त्यातला शेवटचा वाळूचा फोटो संगमनेरच्या आसपासचा आहे, खरं तर तो प्रवरासंगमचा पाहिजे. नेवासा तालुक्यातल्या कोणी शिक्षक बंधू-भगिनींनी हे पत्र वाचलं तर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर तिथला एक फोटो काढून आपल्या केंद्राच्या ग्रुपवर टाकावा, फिरत फिरत आमच्यापर्यंत येईल. त्यात माणसं नकोत, नुसती वाळू आणि दोन नद्यांचं पाणी.

आपला,
एक पदवीधर शिक्षक
ता. अकोले, जि. अहिल्यानगर
(नोकरीचा प्रश्न आहे, नाव छापू नये ही विनंती.)