पासवर्ड माझ्याकडे होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या कुपवाड एमआयडीसीत चार कारखानदार जमले की एकच रड ऐकू येते, ‘पोरं टिकत नाहीत, शिकली की चाकणला पळतात.’ मी इथे 22 वर्षं सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) सेटर आहे, म्हणजे मशीन जुळवून द्यायचं काम माझं. दुसरी बाजूही छापून यावी म्हणून लिहितोय. त्यात माझीही चूक आहे.

मागच्या पावसाळ्यात रात्रपाळीला 30 मिलिमीटर बोअरचे, म्हणजे आतल्या भोकाचे, बुश (पोकळ गोल भाग) चालू होते. मर्यादा शून्य ते अधिक 21 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग. इन्सर्ट (कापणारा तुकडा) झिजत गेला तसा बोअर आवळत गेला. मशीनवर तासगावकडचा आयटीआय झालेला पोरगा. भोक तपासायचा गो गेज आत जाईना, हे त्याला साडेदहालाच कळलं होतं. पण ऑफसेटचा, म्हणजे टूल झिजलं की मशीनला द्यायच्या दुरुस्तीचा, पासवर्ड माझ्याकडे, रात्री मला उठवायचं धाडस होईना आणि मशीन बंद ठेवावं तर प्रॉडक्शन कमी का म्हणून सकाळी बोलणी. तो उजाडेपर्यंत लोड-अनलोड करत राहिला. 112 बुश टाइट. काही पुन्हा धरून बोअर केले, तर रनआउट मिळेना, म्हणजे भोक बाहेरच्या गोलाच्या मध्यावर येईना. मी तडकलो, ‘मशीन बंद का केलं नाहीस?’ तर म्हणतो, ‘मामा, बंद कर म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.’

पासवर्ड मी कुणाला देत नव्हतो. तो माझ्याकडे आहे तोवर मालकांना माझ्याशिवाय गत्यंतर नाही, हा हिशेब. मलाही कुणी बसवून शिकवलं नव्हतं. वस्तादाच्या पाठीमागून डोकावूनच शिकलो.

त्यानंतर मालकांकडून दोन गोष्टी मागून घेतल्या. गेज अडकला की मशीन थांबवायची मुभा, आणि 20 मायक्रॉनपर्यंत ऑफसेट ऑपरेटरने स्वतः द्यायचा. टोयोटात लाइनवरचा कामगारही दोरी ओढून काम थांबवू शकतो, हे मालक कुठल्याशा ट्रेनिंगात ऐकून आले होते. भिंतीवर ‘फाइव्ह एस’चा, म्हणजे जपानी टापटिपीच्या पद्धतीचा, तक्ताही लागला होता. दोरी तेवढी आली नव्हती. पहिल्याच आठवड्यात पोराने 0.02 मिलिमीटरऐवजी 0.2 टाकलं, एक बुश भंगारात. मालकांनी डोळे वटारले, पण बोलले नाहीत. हे सोपं नाही, मला तर जमलं नसतं.

1961 च्या कायद्याने 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. घेतातही. मग वर्षभर त्यांच्याकडून चिप्स (कापलेल्या धातूचा कचरा) उचलून घेतात. 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा तिथे तयार टर्नर थोडेच वाट बघत उभे होते! आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे, रेल्वेने तासाभराच्या आतली.

पोरगा सहा महिन्यांत सेटिंग करायला लागला. त्याचे अडीच हजार वाढवा, असं मी मालकांना म्हटलं होतं. ‘दिवाळीला बघू’ म्हणाले. दिवाळी गेली, पाडवा गेला, पोरगाही चाकणला गेला. जाण्याआधी दोघांना ऑफसेट शिकवून गेला. रात्रपाळीचे बुश आता ते दोघं काढतात. पगार त्यांचाही अजून तोच आहे.

– एक सीएनसी सेटर,
बुधगाव, जि. सांगली