चित्रकलेच्या तासावर कारखान्यांचाही हक्क आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांमधल्या चित्रकलेच्या तासाबद्दल आणि कलाशिक्षकांच्या पदांबद्दल आजवर कलाशिक्षक आणि चित्रकारच बोलत आले आहेत. मी कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत फौंड्री चालवतो. हा विषय आम्हा कारखानदारांचाही आहे. आकारात विचार करणारी मुले शाळेत मागे पडतात, त्याची किंमत आम्हालाही मोजावी लागते, म्हणून हे पत्र.

लोखंड ओतायचे तर आधी पॅटर्न लागतो. लाकडात किंवा धातूत केलेली वस्तूची प्रतिकृती वाळूत दाबून साचा तयार होतो. पण पॅटर्न म्हणजे हुबेहूब ती वस्तू नव्हे. ओतीव लोखंड थंड होताना आकसते, मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरायचा. वाळू न मोडता तो वर निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. जिथे पुढे मशिनिंग, म्हणजे यंत्रावर कापून नेमके माप आणणे, होणार तिथे जादा माल सोडायचा. वस्तू आतून पोकळ असेल तर त्या पोकळीचा वाळूचा आकार, म्हणजे कोअर, कोअर बॉक्समध्ये करून साच्यात बसवायचा. इंजिनाच्या सिलिंडर हेडमध्ये पाणी फिरायच्या वाटा असतात. त्या वाटा, म्हणजे जिथे धातू असणारच नाही ती जागा, पॅटर्नमेकरला डोळ्यांसमोर भरीव वस्तूसारखी दिसावी लागते. हातात असते फक्त ड्रॉइंग.

आमच्याकडे एका पंपाच्या कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, जाड भागाला सारखी पोकळी राहत होती. पदवीधर इंजिनिअरांनी ओतायचे तापमान बदलून पाहिले, वाळू बदलून पाहिली, रायझर (थिजताना कमी पडणारे लोखंड पुरवणारा साच्यातला जादा साठा) मोठा केला. रिजेक्शन काही कमी होईना. पॅटर्न शॉपमधल्या एका तरुण कारागिराने खडूने जमिनीवर साच्याचा छेद काढला आणि म्हणाला, "साहेब, हे उताणं ओतताय, पालथं ओता. जाड अंग वर आलं की रायझर त्याला शेवटपर्यंत लोखंड पाजंल." कोअरची बैठक बदलावी लागली, पॅटर्न कुठे दुभागायचा ती फाळणी नव्याने करावी लागली, पण दोष गेला. हा मुलगा दहावीला दोनदा नापास झालेला. शाळेत तो मागच्या बाकावर बसायचा आणि वह्यांच्या शेवटच्या पानांवर ट्रॅक्टरचे भाग काढायचा. त्याबद्दल त्याने मारही खाल्ला आहे.

आता संगणकावर त्रिमिती मॉडेल होते, धातू कसा थिजेल हे सॉफ्टवेअर रंगांत दाखवते, मग अशा माणसांची गरज काय, असे कुणी विचारेल. सॉफ्टवेअर आपण मांडलेली रचना तपासून देते. ती मांडायची कुणाला तरी सुचावी लागते. पडद्यावरचे मॉडेल बोटाने फिरवणे आणि ते मनात फिरवणे यांतला फरक आमच्या शॉप फ्लोअरवर रोज दिसतो.

अशा मुलांना हल्ली 'उजव्या मेंदूची मुले' म्हणायची पद्धत पडली आहे. बोटांचे ठसे घेऊन मूल डाव्या मेंदूचे की उजव्या, याची टक्केवारी सांगणारे लोक गावोगावी फिरतात आणि पालक त्यासाठी पैसे मोजतात. मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांची कामे काही बाबतींत वेगळी आहेत हे खरे. त्या संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना 1981 चे नोबेल मिळाले. पण म्हणून माणसांची अशी विभागणी होत नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 1000 हून अधिक लोकांच्या मेंदूंची स्कॅन तपासली आणि 2013 मध्ये निष्कर्ष मांडला, की एखादी व्यक्ती सबंध डाव्या किंवा उजव्या बाजूवर चालते असा पुरावा मिळत नाही. आमचा पॅटर्नमेकर आकसण्याचा हिशेब आणि पोकळीचा आकार एकाच वेळी डोक्यात धरतो. त्याला कोणत्या बाजूत टाकणार? 'हा कलेचा आहे, याला गणित जमायचे नाही' हे वाक्य मुलाचे नुकसान करते. 'ही हुशार आहे, हिला चित्रकलेत वेळ घालवू देऊ नका' हे वाक्यही तितकेच नुकसान करते.

अमेरिकेत 1960 मध्ये 'प्रोजेक्ट टॅलेंट' नावाच्या पाहणीत सुमारे 4 लाख शाळकरी मुलांच्या क्षमता तपासल्या गेल्या आणि पुढे त्यांचा माग ठेवला गेला. त्या माहितीवर 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की विज्ञान-अभियांत्रिकीत पुढे गेलेल्यांमध्ये मनात आकार फिरवण्याची क्षमता ठळक होती. आणि निवड फक्त भाषा आणि गणित यांवर केली, तर या क्षमतेत अव्वल असलेली बरीच मुले चाळणीतून खाली पडतात. आपल्याकडे दहावी-बारावीपासून नोकरीपर्यंत दुसरी चाळणी आहे कुठे?

एक व्यवस्था मात्र आपल्याकडे आहे, आणि ती आपण वाया घालवतो आहोत. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा मराठी घरांना ठाऊक आहेत. इंटरमिजिएटला स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्याबरोबर घनभूमिती असते. घनाकृती समोरून, वरून कशी दिसेल हे काढायचे. आमच्या पॅटर्न शॉपचा हा पायाच आहे. पण या परीक्षेकडे आज दहावीच्या वाढीव गुणांसाठी पाहिले जाते: ए श्रेणीला 7, बी ला 5, सी ला 3. घनभूमितीचे उत्तर पाठ करून घेणारे वर्ग निघाले आहेत. पाठ केलेली घनभूमिती आमच्या काही उपयोगाची नाही.

आणि शिकवणार कोण? शिक्षणहक्क कायद्याने (2009) सहावी ते आठवीत 100 हून अधिक मुले असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी निदेशक सांगितला, तोही अंशकालीन. जिथे पूर्णवेळ कलाशिक्षक होते तिथे ते निवृत्त झाल्यावर खुर्ची रिकामी राहते. डिसेंबर उजाडला की चित्रकलेचा तास गणिताच्या पोर्शनकडे जातो. 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते, कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंत नको. वेळापत्रकात ती भिंत अजून उभी आहे.

आमच्या कोल्हापूरला हे वेगळे सांगायला लागू नये. चित्रकार आणि मूकपटांचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर मेस्त्रींच्या घरातले. शालेय शिक्षण जेमतेम. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या याच हातांनी चित्रपटाचा कॅमेरा इथे जुळवून तयार केला. रंगरेषेची समज आणि यंत्राची समज त्यांच्यात वेगळी काढता येत नव्हती.

कारखानदारांनाही माझे सांगणे आहे. 'थ्रूआउट फर्स्ट क्लास' ही अट लावून आपण माणसे दारातूनच परत पाठवतो. मुलाखतीला आलेल्याच्या हातात एखादे जुने कास्टिंग द्या, कागद-पेन्सिल द्या आणि याचा आडवा छेद काढ म्हणा. अर्ध्या तासात जे कळते ते गुणपत्रिकेवरून कळत नाही. आम्ही असे करतो आणि त्यातून आलेले लोक टिकले आहेत. त्यांचा पगार आणि बढतीही पदवीवर अडवू नये. ज्याच्या सूचनेने रिजेक्शन थांबते त्याला 'हेल्पर' या हुद्द्यावर वर्षानुवर्षे ठेवणे अन्याय आहे.

शिक्षण खात्याकडे मागणी एवढीच: प्रत्येक माध्यमिक शाळेत पूर्णवेळ कलाशिक्षक नेमा आणि दहावीच्या वर्षातही चित्रकलेचा तास कुणाला घेऊ देऊ नका. शिरोली, गोकुळ शिरगावच्या उद्योजकांनी आठवी-नववीची मुले आणि त्यांचे चित्रकलेचे शिक्षक यांना आपल्या पॅटर्न शॉपमध्ये बोलवावे. आमच्या कारखान्याचे दार त्यासाठी उघडे आहे. शाळेने फक्त आदल्या आठवड्यात कळवावे, म्हणजे त्या दिवशी कोअर बॉक्स उघडून दाखवता येईल असे काम लावून ठेवू.

आपला,
एक फौंड्री व्यावसायिक,
कोल्हापूर