उंदराचा अहवाल गुपित, माझ्या भावाचा उघड

मा. केंद्रीय कृषिमंत्री महोदय यांसी,
सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातील कापूस उत्पादक शेतकरी आहे. खरीपपूर्व बैठकीत एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी व्यासपीठावरून सांगितले होते की कीटकनाशकांच्या चाचण्यांचे अहवाल शेतकऱ्यांना मराठीतून पाहायला मिळतील, आणि आम्ही त्यावर टाळ्याही वाजवल्या होत्या. अहवाल काही आले नाहीत, म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज केला. गेल्या आठवड्यात त्याचे दीड पानी उत्तर आले: ही माहिती कंपनीच्या व्यापारी गोपनीयतेत मोडते, कलम ८(१)(घ). व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, हे त्याच कलमातले पुढचे शब्द लिहिताना बहुधा शाई संपली असावी.

मी कारखान्याची कृती मागितली नव्हती. कापसावर आम्ही मारतो त्यांपैकी तीन औषधांनी प्राण्यांच्या आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या गुणसूत्रांना इजा होते की नाही, एवढाच निष्कर्ष मागितला होता. हा प्रश्न मला सुचला याचे कारण असे, की शेतीत परतण्यापूर्वी प्राणिशास्त्राच्या पदवीवर मी तीन वर्षे एका खासगी प्रयोगशाळेत हेच मोजत होतो. उंदराला रसायनाची मात्रा द्यायची आणि मारण्यापूर्वी काही तास कोल्चिसीन टोचायचे, म्हणजे पेशी विभाजनाच्या ऐन मध्यावर थबकतात (हे द्रव्य आपल्या बांधावरच्या कळलावीतही असते). मग मांडीच्या हाडातला मगज काढून, पेशी पातळ क्षारद्रावणात फुगवून, त्यांचा थेंब काचेवर टाकून गिम्सा रंग चढवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली उंदराची चाळीस गुणसूत्रे जांभळ्या काड्यांसारखी पसरलेली दिसतात. त्यात एखादी तुटलेली, एखादीचा तुकडा बाजूला पडलेला, क्वचित दोन टोके जुळून झालेले कडे. एका उंदरामागे अशा दोनशे पेशी तपासायच्या, आणि कोणत्या काचेवरच्या उंदराला औषध दिले होते हे मोजणाऱ्याला कळू द्यायचे नाही. संध्याकाळी डोळे मिटले तरी काड्याच दिसत. मुक्या जनावराचा जीव घेऊन मिळवलेले ते ज्ञान कोणाच्या कपाटात जाते, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही, याची आता लाज वाटते.

डब्यावर त्रिकोण छापलेला असतो ना, असे आपले अधिकारी म्हणतील. तो लाल, पिवळा, निळा की हिरवा, हे किती मात्रेने प्राणी मरतो यावरून ठरते. शरीराच्या प्रत्येक किलोमागे तोंडावाटे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत निम्मी जनावरे मेली की लाल. गुणसूत्र तुटते का, याविषयी तो त्रिकोण एक अक्षर बोलत नाही. हिरव्या त्रिकोणाला आमच्याकडे लोक बिनधोक समजतात आणि उघड्या हाताने ढवळतात. शिवाय चाचणी होते एकेका रसायनाची, तर आमच्या पंपात अळीचे, बुरशीचे आणि वरून दुकानदाराने दिलेले टॉनिक असे तीन-चार डबे एकत्र पडतात. त्या मिश्रणाची चाचणी शेतात चालते, आणि ती माझ्या धाकट्या भावावर चालते.

त्याने यंदा नऊ फवारण्या केल्या. पंपाचे झाकण गळके असल्यामुळे पाठ प्रत्येक वेळी भिजली. भावजयीचा दुसऱ्यांदा गर्भपात झाला, तेव्हा डॉक्टरांनी दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी सांगितली. रक्त पुण्याला गेले, साडेसहा हजार रुपये एकाचे, म्हणजे दोघांचे तेरा. दीड क्विंटल कापूस विकून ते भरले. भावाच्या वीस पेशी तपासल्या, गुणसूत्रे ४६, दोष नाही. उंदराच्या दोनशे पाहतात आणि माणसाच्या वीस, हे मी घरी कोणाला सांगितले नाही. सांगून करणार काय? ती तपासणी जन्मजात दोष शोधण्यासाठी असते, फवारणीने झालेली तुटफूट शोधण्यासाठी नव्हे. हे सारे औषधानेच झाले असा माझा दावा नाही. दावा करायचा की सोडायचा, हे ठरवायला लागणारा कागदच तर आपण दडवून ठेवला आहे. गेले दोन महिने भावजय घरात कोणाशी बोलत नाही, आणि मी हे पत्र लिहीत बसलो आहे.

२०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा चौकशी झाली, हातमोजे वाटले, फोटो निघाले. कीटकनाशकांचे नवे विधेयक २००८ मध्ये आले, २०२० मध्ये पुन्हा आले. त्या सगळ्या काळात आम्ही १९६८ च्याच कायद्याखाली औषध अंगावर घेत राहिलो. तालुक्याच्या एकाच रस्त्यावर तीस-पस्तीस कृषी सेवा केंद्रे असतील, मी मोजलेली नाहीत. पण फवारणाऱ्याच्या रक्तातली गुणसूत्रे तपासून देणारे ठिकाण आम्हाला तरी सापडले नाही. माल विकायला गावोगाव माणूस पोचतो, अहवाल द्यायची वेळ आली की कलम पोचते. कर्जमाफी असो, पीक विमा असो, सगळीकडे हेच: आमची सातबारापासून आधारपर्यंतची कुंडली उघडी आणि तुमची फाइल बंद.

तरीही मागणे थोडकेच आहे. नोंदणी झालेल्या प्रत्येक कीटकनाशकाच्या गुणसूत्र-चाचणीचा निष्कर्ष माहितीपत्रकात मराठीत छापावा आणि फवारणी करणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी.

भावाच्या संमतीने त्याच्या गुणसूत्रांचा अहवाल सोबत जोडला आहे. त्याला कोणतीही व्यापारी गोपनीयता लागू नाही.

आपला,
एक कापूस उत्पादक, जि. परभणी