नातवाने वाट बदलली

मालदिनी हे आडनाव लावून एसी मिलान या इटालियन फुटबॉल क्लबकडून खेळताना डॅनियलवर काय दडपण आले असेल! आजोबा सेझारे १९६३च्या युरोपियन कप विजेत्या संघाचे कर्णधार. वडील पाओलो यांचे त्याच क्लबसाठी ९०२ सामने, आणि २००३मध्ये कर्णधार म्हणून हातात तोच चषक. दोघेही बचावपटू. डॅनियल मात्र आक्रमणात खेळतो, हे मला फार आवडले. ऑक्टोबर २०२४मध्ये तो इस्रायलविरुद्ध इटलीकडून उतरला. वशिल्याची कुजबुज झालीच असेल. आपल्याकडे झाली नसती का?

नागपूरच्या मोमिनपुरा, मोहननगरातही फुटबॉल बापाकडून पोराकडे येतो. पण मैदानावर लग्नाचे मांडव पडतात आणि मागे खड्डे, खिळे उरतात. परवानगी देताना मैदान पूर्ववत करून देण्याची अट तरी घाला.

— एक फुटबॉलप्रेमी, मोहननगर, नागपूर