मृत्यूच्या नोंदीत माझा फोन नंबर आहे : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांना

स. न. वि. वि.

साहेब, मी ठाण्यात लोकमान्यनगरला राहते आणि एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. माझे वडील, आमचे आप्पा, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. फुप्फुसाच्या कॅन्सरने दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या आजाराबद्दल माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. कॅन्सर शेवटच्या टप्प्यात सापडला, त्याला कोण काय करणार? हे पत्र एका सहीबद्दल आहे.

शेवटच्या महिन्यात आप्पांना खूप धाप लागली, म्हणून ठाण्यातल्याच एका खासगी रुग्णालयात नेलं. सहा दिवस आयसीयूत होते. रोज दुपारी बाराला ‘काउन्सेलिंग’ असायचं. म्हणजे काचेच्या दाराबाहेर उभं राहायचं, नाव पुकारलं की पुढे व्हायचं, ऑक्सिजनचा आकडा ऐकायचा, डिपॉझिटचा आकडा ऐकायचा आणि मागच्याला जागा द्यायची. पाचव्या दिवशी मला भेटायला आत सोडलं, तेव्हा आप्पांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाले, “घरी चल.” दोनच शब्द. मी डॉक्टरांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्याकडे यासाठी एकच कागद होता. त्याला सगळे ‘डामा’ म्हणतात. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेत आहोत, होणाऱ्या सर्व परिणामांची जबाबदारी आमची, असा छापील मजकूर. दादा नाशिकहून निघाला होता, पोचला नव्हता. सही मी केली.

त्यानंतर आप्पा अकरा दिवस जगले. ते अकरा दिवस तुम्हाला सांगायलाच हवेत. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. शेजारच्या चार मुलांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना तिसऱ्या मजल्यावर आणलं. दादा फाइल घेऊन मुंबईतल्या एका कर्करोग रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या, ओपीडीत गेला आणि मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या जबर वेदनाशामकाच्या, गोळ्या घेऊन आला. आमच्या केमिस्टने त्या गोळीचं नाव ऐकूनच हात झटकले होते, “ताई, हे गर्दुल्ल्यांचं लफडं आपल्याकडे नको.” ओपीडीतल्या सिस्टरने दादाला वहीत लिहून दिलं : सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, प्रत्येक वेळी एक. रात्री दहाला दोन, म्हणजे मध्यरात्री दोनला कुणाला उठायला नको. खाली अधोरेखित, ‘पोट साफ होण्याचं औषध चुकवू नका’. ती वही अजून आहे. गोळ्यांची स्टीलची डबी देवघराशेजारी ठेवायचो, कारण आईला तिथलंच लक्षात राहायचं. दुसऱ्या दिवसापासून आप्पांची धाप आणि कळ दोन्ही उतरली. बुधवारी त्यांनी अर्धी वाटी पेज मागून घेतली. शनिवारी दादाला रेडिओचा खरखराट कसा काढायचा ते सांगितलं.

ते गेले पहाटे पावणेचारला. मग दाखल्यासाठी धावाधाव. घरी मृत्यू झाला की कारणाचा दाखला डॉक्टरने ४-अ नमुन्यात द्यायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. आमचे फॅमिली डॉक्टर गावी होते. दोन डॉक्टर म्हणाले, पेशंटला आम्ही पाहिलेलं नाही. एका रुग्णालयातून सांगितलं, बॉडी इकडे आणा, पोस्टमॉर्टेम करावं लागेल. कॅन्सरची पाच महिन्यांची फाइल हातात असताना! शेवटी आठ वाजता एका ओळखीच्या डॉक्टरबाईंनी येऊन सही दिली, तेव्हा कुठे जवाहरबाग स्मशानभूमीत नेता आलं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. उन्हात अर्धा तास गेला. दादाने “आईला सांभाळू” म्हटलं, “बहिणीला अंतर देणार नाही” म्हटलं. काका कुणाकडेही न बघता म्हणाले, “दवाखान्यातच ठेवलं असतं तर...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ते वाक्य आमच्या घरात अजून तसंच अर्धं आहे. चौथ्या महिन्यात आईने पहिल्यांदा विचारलं, “त्या कागदावर नक्की काय लिहिलं होतं गं?” त्यानंतर ती महिन्यातून एकदा तरी विचारते.

ग्रंथालयात असल्याने मला शोधून वाचायची सवय आहे. मला वाटलं होतं हा आमच्या घरचा प्रश्न आहे. तसं नाही. फ्रान्समधल्या २२ आयसीयूंमध्ये, मरणाच्या दारात असलेल्या १२६ रुग्णांच्या नातेवाइकांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या कुटुंबांशी नेहमीसारखी बैठक झाली. उरलेल्यांशी डॉक्टर ठरवून बसले, त्यांचं ऐकून घेतलं आणि शोकाविषयी एक पुस्तिका हातात दिली. फरक किती होता? बैठक २० मिनिटांऐवजी ३० मिनिटं चालली. त्यात नातेवाईक ५ मिनिटांऐवजी १४ मिनिटं बोलले. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा मानसिक आघाताची लक्षणं नेहमीच्या गटात ६९ टक्के लोकांत होती, दुसऱ्या गटात ४५ टक्के. काचेच्या दाराबाहेर मी किती वेळ बोलले असेन, याचा हिशोब मी केला. सहा दिवसांचे मिळून दोन मिनिटं होतील.

आणखी एक. आमच्याकडे ‘आता फक्त पॅलिएटिव्ह’ म्हटलं की घरचे हाय खातात, डॉक्टरांनी हात वर केले असं समजतात. मीही तसंच समजले होते. अमेरिकेत बॉस्टनला, आप्पांच्याच आजाराच्या, फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांवरचा अभ्यास २०१० साली आला. ज्यांना निदान झाल्यापासूनच कॅन्सरच्या उपचाराबरोबर पॅलिएटिव्ह सेवा मिळाली, त्यांची मनःस्थिती बरी राहिली, शेवटी शेवटी आक्रमक उपचार कमी झाले आणि ते जगलेही जास्त : मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो आकडा) ११.६ महिने, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या गटाचा ८.९. ही सेवा उपचार संपल्यावर नाही, सुरू होतानाच द्यायची असते. आप्पांना पाच महिन्यांत ती मिळाली शेवटचे दहा दिवस, तीही दादा लोकलने जाऊन आला म्हणून.

साहेब, हे आपल्या राज्याला नवीन नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, १९८६ साली वांद्र्यात सुरू झालं. केंद्राचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा दुरुस्त झाला आणि मॉर्फिनसाठी रुग्णालयांना चार ठिकाणचे परवाने गोळा करायची गरज उरली नाही, औषध नियंत्रकांनी मान्यता दिली की पुरतं. (ते खातं वेगळ्या मंत्र्यांकडे आहे, मला माहीत आहे. मंत्रालयात मजला बदलावा लागेल, पण तिथे लिफ्ट आहे.) आयुष्मान आरोग्य मंदिरात द्यायच्या सेवांच्या यादीतही पॅलिएटिव्ह सेवा आहे. केरळने २००८ साली धोरण केलं आणि घरोघरी जाणाऱ्या परिचारिकेचा भार ग्रामपंचायती, नगरपालिकांना उचलायला लावला. कागद आपल्याकडेही आहेत. पण लोकमान्यनगरच्या तिसऱ्या मजल्यावर आली ती सिस्टरने लिहून दिलेली वही. सिस्टर नाही आली.

मला काय हवंय ते सांगते. ठाणे जिल्ह्यात मॉर्फिन कुठल्या कुठल्या रुग्णालयात मिळतं त्याची यादी प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत लागावी. घरी शेवटचे दिवस काढणाऱ्या रुग्णाचं नाव आधीच नोंदवून ठेवता यावं, म्हणजे पहाटे दाखल्यासाठी दारोदार जायला नको. ‘डामा’चा कागद रुग्णाच्या इच्छेने घरी जाणाऱ्यांसाठी वापरू नये. त्यासाठी वेगळा कागद करा. त्यावर रुग्णाची इच्छा लिहिलेली असू दे, पुढची औषधं लिहिलेली असू देत, आणि डॉक्टरचीही सही असू दे. एकट्या मुलीची नको.

आणि हे सगळ्यात स्वस्त काम. इंग्लंडमध्ये २०११ ते २०१५ दरवर्षी सरकारने मृतांच्या नातेवाइकांची पाहणी केली. मृत्यूची नोंद ज्याने केली, त्यालाच काही महिन्यांनी प्रश्नावली पाठवायची. शेवटच्या तीन महिन्यांत वेदना कमी झाली का, घरी कोण आलं, तुम्हाला कुणी विचारलं का, रुग्णाला जिथे मरण यावंसं वाटत होतं तिथेच आलं का. आपल्याकडे बाळंतीण दगावली तर घरी जाऊन चौकशी करायची पद्धत आहे. ती चांगलीच आहे. मग कॅन्सरने गेलेल्याच्या घरी का नको? आपला समाज तेरा दिवस घर माणसांनी भरून टाकतो आणि चौदाव्या दिवशी भांडी परत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे, आणि तो ओळखायला निदान सहा महिने जावे लागतात असं त्यात म्हटलंय. सहाव्या महिन्यात आमच्या दाराशी वीजबिलाखेरीज काही आलं नाही.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन महापालिकांपासून सुरुवात करा. वर्षभर, कॅन्सरने गेलेल्या प्रत्येकाच्या घरी सहाव्या महिन्यात एक आशाताई किंवा परिचारिका आणि पंधरा प्रश्न. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाला उत्तरांचा अभ्यास करू दे, आणि निष्कर्ष मराठीतही छापू देत. नव्याने पत्ते गोळा करायला नकोत. प्रभाग कार्यालयात आप्पांची नोंद करताना खिडकीतल्या बाईंनी माझं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर दोनदा विचारून लिहून घेतला होता.

नंबर बदललेला नाही. मी कामावर असले तर फोन आई उचलते. तिला थोडं मोठ्याने बोलावं लागतं, आणि तुमच्या प्रश्नांआधी ती तिचा एक प्रश्न विचारेल. जो कुणी फोन करेल त्याला एवढं सांगून ठेवा.

आपली,
लोकमान्यनगर, ठाणे येथील एक मुलगी